चुंबकांची कट्टी, चुंबकांची गट्टी

एका आईचं पत्र, थोडक्यात:

मला दोन मुलं. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी सहाची. सुट्टीत दोघांना चुंबकांचा एक संच आणून दिला. मधे भोक असलेल्या काळ्या चकत्या, दोन लाल-निळ्या पट्ट्या, एका डबीत लोहकीस. मुलाने पहिल्याच दिवशी घडाघडा म्हणून दाखवलं, ‘सजातीय ध्रुवांमध्ये प्रतिकर्षण होतं, विजातीय ध्रुवांमध्ये आकर्षण होतं,’ आणि संच बाजूला ठेवून दिला. धाकटी मात्र आठवडाभर त्यातच गुंतली आहे. ती म्हणते, ‘ह्या दोघांची गट्टी आहे आणि ह्या दोघांची कट्टी.’ चकती उलटी केली की म्हणते, ‘आता रुसवा गेला.’ माझे मिस्टर म्हणतात, हे असलं डोक्यात पक्कं व्हायच्या आत तिला बरोबर शब्द सांगून टाक, नंतर पुसणं अवघड जातं. दादा तिला रोज नियम शिकवतो, ती ऐकत नाही, मग भांडणं होतात. परवा ती स्टीलचा चमचा घेऊन आली. ‘तू म्हणालास धातू चिकटतो, हा तर नाही चिकटत.’ दादा म्हणाला, चमचा खराब आहे. माझा स्वतःचा दहावीनंतर विज्ञानाशी संबंध राहिला नाही. ‘पण ते ढकलतात का?’ असं तिने विचारलं तेव्हा मी विषय बदलला. तिला खेळू देऊ की शिकवू? आणि मलाच येत नसेल तर शिकवू कसं?

उत्तर:

तुमचं पत्र दोनदा वाचलं. त्यात काळजी करणारी माणसं तीन आहेत: तुम्ही, तुमचे मिस्टर आणि नऊ वर्षांचे ‘सर’. जिच्याबद्दल ही सगळी काळजी चालली आहे ती मात्र मजेत दिसते. ती रोज चुंबकं हाताळते, उलटसुलट करते, घरभर फिरून चमचा शोधून आणते आणि नियमात न बसणारी गोष्ट दादाच्या तोंडावर सांगते. तेव्हा सुरुवात तिच्यापासून नको. मुलापासून करू.

त्याला वाक्य पाठ आहे आणि वाक्य अगदी बरोबर आहे. आता त्याच्यापुढे एक कोडं ठेवा. संचातल्या दोन पट्ट्या घ्या आणि साधारण तेवढ्याच आकाराचा लोखंडाचा एक तुकडा शोधा. जाड खिळा, बोल्ट, काहीही चालेल. तिन्ही गोष्टी पुठ्ठ्यात आणि कागदात अशा गुंडाळा की बाहेरून सारख्या दिसतील. अट एकच: चौथी वस्तू वापरायची नाही. टाचणी नाही, लोहकीस नाही, होकायंत्र नाही. या तिघांतलं लोखंड कोणतं?

बहुतेक मुलं ‘जे चिकटतं ते चुंबक’ असं म्हणत सुटतात आणि दोन मिनिटांत अडकतात, कारण इथे प्रत्येक जण प्रत्येकाला चिकटतो. लोखंड चुंबकाला चिकटतं, चुंबक लोखंडाला चिकटतो आणि दोन चुंबक एकमेकांना चिकटतात. चिकटण्यावरून काहीच कळत नाही. सुटका होते ती ढकलण्याने. टोकं उलटसुलट करून बघताना ज्या जोडीत कुठे तरी ढकलाढकली होते ती जोडी चुंबकांची, उरलेला तुकडा लोखंडाचा. साधं लोखंड चुंबकाला कधीच ढकलत नाही. शाळेच्या पुस्तकात ‘प्रतिकर्षण ही चुंबकत्वाची खरी कसोटी’ असं एक ओळीचं विधान असतं, रिकाम्या जागा भरायला विचारतात. त्या ओळीचा अर्थ हा. तुमच्या मुलाला हे कोडं सुटलं तर त्याच्या वाक्याला हात आहेत. नाही सुटलं तर वाक्य अजून जिभेवरच आहे, आणि त्यात त्याचा काही दोष नाही, आपण त्याला तिथवरच आणलं.

सुटलंच, तर पुढचं कोडं कठीण आहे: आता दोनच गुंडाळ्या, एक चुंबक आणि एक लोखंड. इथे ढकलणारी जोडीच नाही. उत्तर मी सांगून टाकते, पण तुम्ही त्याला लगेच सांगू नका. पट्टीचुंबकाची ताकद टोकांना असते, मधोमध जवळजवळ नसते. एका पट्टीचं टोक दुसरीच्या मध्यावर टेकवून इंग्रजी ‘टी’सारखा आकार करा. जोरात चिकटलं तर टेकवलेली पट्टी चुंबक, अगदी मिळमिळीत चिकटलं तर आडवी पट्टी चुंबक.

हे कोडं आधी सांगण्याचं कारण आहे. आपण मुलांच्या हातात चुंबक देतो तेव्हा सोबत टाचण्या, खिळे, क्लिपा देतो. म्हणजे पहिले आठ दिवस नुसतं चिकटवणं. ढकलणं आलं तर शेवटी, तेही नियमाच्या रूपात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. चिकटण्यात मुलाला विशेष नवल वाटत नाही, कारण गोंद चिकटतो, चिकटपट्टी चिकटते. पण मधे काही नसताना समोरून कोणी तरी हाताला मागे रेटतंय, हा अनुभव जगात दुसरीकडे सहसा मिळत नाही. तुमची धाकटी आठवडाभर जिथे अडकून बसली आहे ती जागा हीच. ती योग्य ठिकाणी अडकली आहे.

आता कट्टी-गट्टीचं. मिस्टरांची भीती मला पूर्णपणे खोटी वाटत नाही. काही चुकीच्या कल्पना खरोखर चिवट असतात. ‘धातू चुंबकाला चिकटतो’ ही त्यातलीच एक, आणि ती तुमच्या घरात नियम पाठ असलेल्या मुलाकडे आहे, कट्टी म्हणणाऱ्या मुलीकडे नाही. पण कट्टी हा शब्द पुसण्यासाठी त्याच्यावर दुसरा शब्द चिकटवायची गरज नाही. तो शब्द तिच्याच खेळात घेऊन जा आणि तिलाच त्याची परीक्षा घेऊ द्या. कशी ते सांगते.

तीन चकत्या घ्या. अशा चकत्यांचे ध्रुव बहुधा सपाट बाजूंवर असतात, एक वर आणि एक खाली, हे तुमच्यापुरतं लक्षात ठेवा. पहिल्या चकतीच्या कोणत्याही एका बाजूवर नेलपॉलिशचा ठिपका द्या. वाळला की दुसरी चकती जवळ न्या आणि तिची जी बाजू त्या ठिपक्याशी कट्टी करते तिच्यावर ठिपका द्या. तिसऱ्या चकतीचंही तसंच, पहिलीच्या ठिपक्याशी जिची कट्टी, तिथे ठिपका. आता थांबा. दुसरी आणि तिसरी अजून एकमेकींना भेटलेल्या नाहीत. विचारा: ‘ह्या दोन ठिपक्यांचं काय होईल? कट्टी की गट्टी?’

मुलांच्या जगात याचं उत्तर ठरलेलं असतं. माझी जिच्याशी कट्टी, तिच्याशी तुझीही कट्टी असेल तर आपण दोघी एकत्र. वर्गातल्या निम्म्या मैत्र्या अशाच जमतात. मोठ्यांच्या राजकारणाबद्दल न बोललेलं बरं. बहुतेक मुलं त्या हिशेबाने ‘गट्टी’ म्हणतील. आणि चकत्या एकमेकींना ढकलतील.

हा क्षण घाईने भरून काढू नका. ‘बघितलंस? म्हणून मी सांगत होते…’ हे वाक्य तर गिळूनच टाका. तिला चौथी चकती हवी असेल, पाचवी हवी असेल, देत राहा. कितीही चकत्या आणल्या तरी ठिपका ठिपक्याला ढकलतो आणि कोरी बाजू कोऱ्या बाजूला ढकलते. तिसरी जात निघत नाही. निसर्गात असं असायलाच हवं होतं असं काही नाही, तीन प्रकारच्या बाजू असत्या तरी आपण काय करणार होतो? ते करून बघूनच कळतं. तुमच्या मुलाच्या पाठांतरातला ‘सजातीय’ हा शब्द म्हणजे हे ठिपके. मुलीला तो शब्द त्या दिवशी द्या, ठिपके देऊन झाल्यावर. ‘तू ज्याला कट्टी म्हणतेस ना, त्याला मोठ्या पुस्तकात प्रतिकर्षण म्हणतात,’ एवढंच. ती दोन्ही शब्द वापरेल. माझ्या अनुभवात मुलं अशा वेळी नवा शब्द मोठ्या ऐटीत वापरतात आणि जुना खेळायला ठेवतात.

रुसव्याची परीक्षा याहून सोपी. रुसवा संध्याकाळपर्यंत जातो, निदान मुलांचा जातो. दोन ठिपके समोरासमोर धरून विचारा, उद्या सकाळी यांचा रुसवा गेलेला असेल का? सकाळी बघायला सांगा. पाण्यात बुडवून बघायला सांगा. मधे कागद, कापड, स्वतःचा तळहात धरून बघायला सांगा. समजूत काढली, गोड बोललं तर? तेही होऊ द्या. चुंबक ऐकत नाही, हे तिला तुमच्या तोंडून ऐकण्यापेक्षा चुंबकाकडून कळलेलं बरं.

इथे माझी एक फजिती सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी मुलांच्या एका शिबिरात मी पट्टीचुंबक वाटले होते. लाल-लाल ढकलतात, लाल-निळा चिकटतात, हे सांगून झालं होतं. एक मुलगा म्हणाला, ‘ताई, माझे लाल-लाल चिकटतायत.’ मी लांबूनच म्हटलं, उलटे धरले असशील. तो पुन्हा म्हणाला. मी पुन्हा तेच म्हटलं, आवाज जरा चढवून. तिसऱ्यांदा वैतागून जवळ गेले, हातात घेतले आणि लाल-लाल टपकन चिकटले. झालं असं होतं की जुन्या पोलादी पट्ट्यांच्या खोक्यात कोणी तरी लहानसे पण फार ताकदीचे नवे चुंबक टाकून ठेवले होते. तसल्या ताकदवान चुंबकाजवळ राहिलं की कमकुवत चुंबकाचे ध्रुव उलटू शकतात. रंग अर्थातच तिथेच राहतो. मी रंगावर विश्वास ठेवला आणि पोराने हातावर. त्या दिवसापासून मी पट्ट्यांवरचे रंग आधी कागदाने झाकते आणि मुलांना ठिपके स्वतः द्यायला लावते.

तुम्हालाही हेच सुचवेन. लाल-निळ्या पट्ट्यांवर कागद चिकटवा. रंग दिसला की मूल रंग वाचतं, बोटांना काय कळतंय तिकडे लक्ष देत नाही.

अशी हातानेच कळणारी आणखी एक गंमत तुमच्या फ्रिजच्या दारावर असेल. पातळ, रबरासारख्या वाकणाऱ्या दोन चुंबकचकत्या किंवा जाहिरातीच्या पट्ट्या काढा. त्यांच्या काळ्या बाजू एकमेकींवर ठेवून हळूच सरकवा. एका दिशेने सरकवताना गुळगुळीत जातील, दुसऱ्या दिशेने टकटक उड्या मारत जातील. त्या बाजूवर दोन ध्रुवांच्या अरुंद पट्ट्या आळीपाळीने असतात. पट्ट्यांना आडवं सरकवलं की गट्टी, कट्टी, गट्टी, कट्टी असं बोटांना जाणवत जातं. सहा वर्षांच्या मुलीला हे डोळे मिटून करायला द्या आणि किती टप्पे लागले ते मोजायला सांगा. डोळ्यांना तिथे काहीच दिसत नाही, हीच मजा.

भोकाच्या चकत्या पेन्सिलीवर ओवून तरंगवणं तुम्ही केलंच असेल, सगळेच करतात. फक्त दोन प्रश्न जास्तीचे विचारा. चार चकत्या एकमेकींवर तरंगत असतील तर मधल्या फटी सारख्या आहेत का? सारख्या नसतात. सगळ्यांत खालची फट सगळ्यांत अरुंद, कारण तिच्या डोक्यावर तीन चकत्यांचं ओझं. म्हणजे ढकलणं जवळ आल्यावर वाढतं, हे फूटपट्टीने मोजून निघतं, आणि मोजायचं काम दादाचं. दुसरा प्रश्न: पेन्सिल काढून घेतली तर? चकती लगेच कलंडते, उलटते आणि खालचीला चिकटते. कितीही अलगद ठेवा, जमणार नाही. नुसत्या स्थिर चुंबकांच्या जोरावर एखादा चुंबक हवेत अधांतरी टिकवता येत नाही हे सॅम्युअल अर्नशॉ या इंग्रज गणितज्ञाच्या १८४२ सालच्या सिद्धतेतून निघतं. मुलं तासभर प्रयत्न करून हरली तर त्यांना सांगा, तुमच्या आधी बरेच हरलेत.

आता तो चमचा.

चमचा खराब नाही. मुलीने दादाचा नियम मोडला, आणि तो मोडायलाच हवा होता. चुंबकाकडे ओढले जाणारे घरातले धातू म्हणजे मुख्यतः लोखंड, मग निकेल आणि कोबाल्ट. तांबं, पितळ, ॲल्युमिनियम, सोनं, चांदी, यातलं काही चिकटत नाही. स्टीलची गोष्ट जरा वळणाची आहे. स्टेनलेस स्टीलमध्ये बहुतांश लोखंडच असतं, पण चमच्याच्या स्टीलमध्ये क्रोमियमबरोबर बहुधा निकेलही घालतात. निकेल एकटं चुंबकाला चिकटतं. पण लोखंडात मिसळलं की लोखंडाच्या अणूंची रचनाच बदलते, आणि तयार झालेलं स्टील चुंबकाला दाद देत नाही. दोन चिकटणारे एकत्र आले आणि न चिकटणारा झाला! सुरीच्या पात्याचं स्टील वेगळ्या जातीचं असतं, ते कडक करावं लागतं, ते बहुधा चिकटतं. एवढंच काय, न चिकटणाऱ्या भांड्याचा ठोकून वळवलेला काठ कधी कधी किंचित ओढला जातो, कारण ठोकताना त्या जागची रचना थोडी बदललेली असते.

हे सगळं मुलांना सांगायचं नाही. त्यांनी घरभर फिरून दोन ढीग करायचे. पण हात लावण्याआधी प्रत्येक वस्तूबद्दल अंदाज सांगायचा आणि दादाने तो लिहून ठेवायचा. चुकलेल्या अंदाजांखाली रेघ मारायची. अशा रेघा जास्त असतील तेवढा तो कागद बघण्यासारखा. सुरी मात्र तुम्ही हातात धरा.

बघा, मुलाची अडचण हुशारीची नाही, भूमिकेची आहे. तो घरातला उत्तर देणारा झाला आहे. उत्तर देणाऱ्याला चमचा खराब म्हणावाच लागतो. त्याला नोंदी ठेवणारा करा, अंदाज बांधणारा करा, आणि अधूनमधून त्याच्याच नियमातून निघणारा पेच त्याच्यापुढे टाका. उदाहरणार्थ हा: पट्टीचुंबक मधोमध दोऱ्याने बांधून आडवा टांगा, जवळपास लोखंड नको. तो डुलत डुलत उत्तर-दक्षिण स्थिर होईल. उत्तरेकडे वळणाऱ्या टोकाला आपण उत्तर ध्रुव म्हणतो. आता त्याला विचारा, चुंबकाचा उत्तर ध्रुव जर उत्तरेकडे ओढला जातो, तर पृथ्वीच्या उत्तरेला चुंबकाचा कोणता ध्रुव असला पाहिजे? तुझ्या नियमाने सांग. नियमाने उत्तर येतं ‘दक्षिण’. मुलगा म्हणेल काही तरी चुकतंय. काहीही चुकत नाही, पृथ्वीच्या उत्तरेकडच्या चुंबकीय ध्रुवाची जात खरोखरच आपल्या पट्टीच्या दक्षिण टोकाची आहे. पृथ्वी स्वतः एक मोठा चुंबक आहे हे विल्यम गिल्बर्ट या इंग्रज वैद्याने १६०० साली मांडलं. त्याने चुंबकी दगडाचा गोल करून, त्यावर सुई फिरवून हे तपासलं होतं.

त्याच काळातली एक गोष्ट तुमच्या घरात सांगण्यासारखी आहे. चुंबकावर लसूण चोळला की त्याची शक्ती जाते, असं पुरातन काळापासून विद्वान मंडळी एकमेकांचं वाचून लिहीत आली होती. शेकडो वर्षं. लसूण महाग नव्हता, चुंबकी दगडही मिळत होता. सोळाव्या शतकाच्या अखेरीस इटलीतल्या देल्ला पोर्ता या विद्वानाने प्रत्यक्ष करून पाहिलं आणि लिहिलं की काही होत नाही. गिल्बर्टनेही ती समजूत मोडीत काढली. दोघा मुलांना एक पाकळी द्या आणि चोळू द्या. नंतर चुंबक धुवायला लावा.

तुमचा स्वतःचा प्रश्न मी मागे ठेवला, कारण तो तुम्हाला सर्वांत जास्त बोचतो आहे असं वाटलं. ‘ढकलतात का?’ तुम्ही विषय बदललात. पुढच्या वेळी बदलू नका, ‘मला माहीत नाही’ म्हणा. पण तिथे थांबू नका. ‘का ते मला माहीत नाही, पण केव्हा ढकलतात ते आपण शोधू शकतो,’ असं म्हणा. केव्हा, कुठून, किती जवळ आल्यावर, मधे काय ठेवल्यावर, या प्रश्नांची उत्तरं सहा वर्षांच्या हाताला मिळतात. ‘का’चं उत्तर मिळत नाही. मोठ्याला थोडं पुढे नेता येईल: लोखंडात डोळ्यांना न दिसणारे छोटे छोटे भाग असतात, प्रत्येक भाग म्हणजे एक इवलासा चुंबक. साध्या खिळ्यात त्यांची तोंडं दाही दिशांना, म्हणून एकमेकांचा जोर मारला जातो. चुंबकात बहुतेकांची तोंडं एकीकडे. शिवणाची सुई चुंबकाच्या एकाच टोकाने, एकाच दिशेने तीस-चाळीस वेळा घासा, दर वेळी हात उचलून पुन्हा सुरुवातीला आणा, की सुईतली तोंडं वळतात आणि सुई चुंबक होते. बुचाच्या चकतीवर ठेवून प्लास्टिकच्या वाडग्यातल्या पाण्यात सोडा, होकायंत्र तयार. लोखंड ७७० अंश सेल्सिअसच्या वर तापवलं तर ही शिस्त पूर्ण मोडते. पण ते इवले चुंबक तरी एकमेकांना का ढकलतात? तिथून प्रश्न इलेक्ट्रॉनपर्यंत जातो आणि तिथेही तो संपत नाही. भौतिकशास्त्र शिकलेली माणसंसुद्धा या ‘का’ला एक-दोन पायऱ्या खाली ढकलतात इतकंच. तुमचं दहावीनंतरचं विज्ञान सुटलं ही इथे फार मोठी उणीव नाही.

खरेदीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगितलंच पाहिजे. तुमच्या त्या काळ्या, मातीच्या भांड्यासारख्या दिसणाऱ्या चकत्या फेराइट नावाच्या चुंबकी पदार्थाच्या आहेत. लहान मुलांना त्याच चांगल्या, तोंडात मावणार नाहीत एवढ्या मोठ्या. चकाकणारे, रुपेरी, मण्यांएवढे नियोडिमियमचे चुंबक लहान मूल असलेल्या घरात आणूच नका. खेळणं म्हणून नको, शोभेचं म्हणूनही नको. असे दोन चुंबक, किंवा एक चुंबक आणि एक लोखंडी तुकडा, पोटात गेला तर आतड्याच्या दोन वेटोळ्यांच्या आरपार एकमेकांना धरून बसतात आणि मधल्या आतड्याला भोक पडू शकतं. सुरुवातीला मूल ठीकही दिसतं. गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न बघता दवाखान्यात जायचं आणि ‘चुंबक’ हा शब्द स्पष्ट सांगायचा. घरात कोणाला पेसमेकर असेल तर कोणताही चुंबक त्यांच्या छातीजवळ न्यायचा नाही. लोहकीस मोकळा हाताळू देऊ नका, तो डोळ्यांत जातो आणि चुंबकावर बसला की निघता निघत नाही. पारदर्शक बाटलीत घालून झाकण चिकटवून टाका, बाहेरून चुंबक फिरवू द्या. पट्टीचुंबक ठेवताना जोडीने, विरुद्ध टोकं शेजारी येतील असे ठेवा, आपटू नका, तापवू नका.

आणि दोघांची भांडणं. त्यासाठी पाण्याचा टब.

चुंबकाबद्दल सर्वांत जुनं नीट लिहिलेलं जे आहे, ते तुमच्या पत्रासारखं एक पत्रच आहे. पिएर द मारिकूर नावाच्या माणसाने १२६९ च्या ऑगस्टमध्ये, एका शहराला वेढा पडलेला असताना छावणीतून आपल्या मित्राला लिहिलं. त्यात तो सांगतो, चुंबकी दगड लाकडी भांड्यात ठेवून पाण्यावर सोड आणि हातात दुसरा दगड धरून जवळ ने. विरुद्ध टोक नेलं तर भांडं पाठोपाठ येतं, तेच टोक नेलं तर पळतं. तुमच्या घरी डब्याचं प्लास्टिकचं झाकण आणि पट्टीचुंबक पुरे. होडी आधी मागे सरते, मग गिरकी घेते आणि दुसऱ्या टोकाने येऊन चिकटते. धाकटी याला काय म्हणते ते मला ऐकायला आवडेल.

मग सहा छोटी झाकणं घ्या, प्रत्येकात एक चकती, सगळ्यांचे ठिपके वर. ती एकमेकांना ढकलत टबाच्या कडांना पळतील. आता वरून एक चुंबक, ठिपका नसलेली बाजू खाली करून, हळूहळू खाली आणा. झाकणं मध्याकडे ओढली जातात, पण एकमेकांपासून दूर राहतात, आणि आकृत्या तयार होतात. तिघांचा त्रिकोण, चौघांचा चौकोन. अल्फ्रेड मायर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८७८ साली बुचात खोचलेल्या सुया तरंगवून हा खेळ केला होता, आणि पुढे १९०४ मध्ये जे. जे. थॉमसन या इंग्रज शास्त्रज्ञाने अणूच्या आतली मांडणी कशी असेल याचा विचार करताना त्याचाच आधार घेतला.

सुरुवात तीन झाकणांपासून करा, एकेक वाढवत न्या. सहावं सोडण्याआधी दोघांना वेगवेगळ्या कागदांवर, एकमेकांचं न बघता, आकृती कशी होईल ते काढायला सांगा. दोघांची चित्रं वेगळी येतील आणि भांडण होईल. त्या वेळी मधे पडू नका, सहावं झाकण पाण्यात सोडा.